स्पोर्ट्स कार रोखीने घ्यावी की हप्त्यांवर? बडोद्यातल्या एका मामाचा हिशेब

गेल्या रविवारी भाचा जेवायला आला तो हातात कोटेशन घेऊनच. मकरपुरा जीआयडीसीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे, धंदा बरा चाललाय, आणि वेगवान गाडीचं वेड त्याला शाळेपासूनचं. "मामा, पैसे आहेत. एकदम भरून टाकू की लोन काढू?" रावपुऱ्यात लोकांचे हिशेब आणि रिटर्न भरण्यात माझी तीस वर्षं गेली. हा प्रश्न घेऊन येणारा भाचा पहिला नाही, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवतो.

रोख म्हणजे नोटांची पिशवी नव्हे, हे आधी सांगायला हवं. 2017 पासून एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोकड कोणी स्वीकारली, तर जेवढी घेतली तेवढाच दंड घेणाऱ्याला बसू शकतो. त्यामुळे रोखीने म्हणजे एकरकमी, चेकने किंवा आरटीजीएसने. शिवाय 10 लाखांवरच्या गाडीवर शोरूम 1 टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच गोळा केलेला आगाऊ प्राप्तिकर, घेतं, तुम्ही लोन काढा अगर काढू नका. ती रक्कम तुमच्या पॅनवर जमा होते आणि रिटर्नमध्ये वळती करून मिळते. म्हणजे गाडीची खबर प्राप्तिकर खात्याला दोन्हीकडून लागतेच. पैसा कुठून आला हे कागदावर चोख असलं की झालं.

आता आकडे. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय 2025 च्या मे महिन्यात भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत 53 लाख होती. तोच आकडा धरू. टॅक्स, विमा वगैरे मिळून रस्त्यावर येईपर्यंत 60 लाख लागतात असं समजू. 10 लाख हातचे भरले आणि 50 लाखांचं लोन 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं, तर हप्ता येतो 1 लाख 3 हजार 792 रुपये आणि एकूण व्याज सुमारे 12 लाख 28 हजार. हप्ता हलका वाटावा म्हणून मुदत सात वर्षं केली तर तो 80 हजार 445 वर येतो, पण व्याज साडेसतरा लाखांवर जातं.

इथे शोरूममधला मुलगा जो हिशेब दाखवतो तो सगळ्यांना पटतो. भाच्यालाही पटला होता. तो असा: "सर, तुमचे 50 लाख 7 टक्क्यांनी एफडीत ठेवा. पाच वर्षांत पावणेएकवीस लाख व्याज मिळेल. लोनचं व्याज सव्वाबारा लाख. म्हणजे तुम्ही साडेआठ लाखांनी फायद्यात." 9 टक्क्यांनी घेऊन 7 टक्क्यांनी ठेवणारा माणूस फायद्यात कसा राहील, हे कोणी विचारत नाही. मेख अशी की एफडी पाच वर्षं अख्खीच्या अख्खी पडून वाढते, आणि हप्ते मात्र दरमहा तुमच्या पगारातून किंवा धंद्यातून वेगळे जातात. ते कोणी मोजलेच नाहीत.

म्हणून तुलना अशी करा. एक भाऊ 50 लाख एफडीत ठेवतो आणि कमाईतून हप्ते फेडतो. पाच वर्षांनी त्याच्याकडे 70 लाख 75 हजारांच्या आसपास असतात. दुसरा भाऊ 50 लाख भरून मोकळा होतो, आणि जो हप्ता त्याला द्यावा लागला असता तोच, 1 लाख 3 हजार 792, दरमहा त्याच 7 टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकतो. त्याच्याकडे 74 लाखांच्या वर जमतात. दोघांकडे गाडी तीच, दोघांची कमाई तीच, आणि रोखीवाला साडेतीन लाखांनी पुढे. ठेवीच्या व्याजावर 30 टक्क्यांच्या टप्प्याने कर बसला, तर फरक साडेसहा लाखांवर जातो. मी हा हिशेब कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मांडला तेव्हा भाचा दोन मिनिटं गप्प होता.

दुसरा भाऊ मात्र आवर्ती ठेव खरंच भरणारा हवा. गाडी फिटलेली आहे म्हणून महिन्याचा लाख इकडेतिकडे उडवणाऱ्याला रोखीचा हा फायदा मिळत नाही. स्वतःला ओळखा आणि ठरवा.

मग लोन कधीच काढू नये का? तसं नाही. धंदेवाइकाचं गणित वेगळं असतं. भाच्याला पुढच्या वर्षी एक सीएनसी मशीन घ्यायचं आहे, आणि बँकेत त्याचं 11 टक्क्यांचं कॅश क्रेडिट खातं आहे, म्हणजे धंद्याला लागेल तशी उचल करायचं कर्जखातं. आज त्याने 60 लाख गाडीत घातले आणि उद्या कच्च्या मालासाठी 11 टक्क्यांनी उचल केली, तर त्यापेक्षा 9 टक्क्यांचं गाडीचं लोन स्वस्त पडतं. पैसा जिथे जास्त व्याज वाचवतो तिथे त्याला राहू द्यावं. गाडी फर्मच्या नावावर घेतली तर, धंद्यासाठी वापरली जाते तेवढ्यापुरतं, लोनचं व्याज खर्चात धरता येतं आणि 15 टक्के घसाराही, म्हणजे गाडीच्या झिजेची वजावट, मिळतो. हा घसारा रोखीने घेतलेल्या गाडीवरही मिळतो, त्यासाठी लोन काढायची गरज नाही. जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावट, मात्र अशा गाडीवर मिळत नाही. पगारदार माणसाला हौसेच्या पेट्रोल गाडीच्या व्याजावर करात कसलीच सूट नाही.

1908 साली सयाजीराव महाराजांनी या शहरात बँक ऑफ बडोदा काढली, तेव्हा कर्जाचं वावडं बडोद्याला नाही. पण माझी आजी म्हणायची, ऋण काढून सण करू नये, आणि अशी गाडी हा निव्वळ सण आहे. तिच्यावर वीट चढत नाही, तिला भाडं येत नाही.

आता मुदतीबद्दल, कारण माझ्या मते रोख की लोन यापेक्षा लोन किती वर्षांचं हा प्रश्न मोठा आहे. विम्यात गाडीची जी किंमत धरतात, आयडीव्ही, ती एक्स-शोरूम किमतीवरून ठरते आणि वयाप्रमाणे उतरते. दोन वर्षं उलटली की 30 टक्के कमी. म्हणजे 53 लाखांच्या गाडीचे उरले 37 लाख 10 हजार. त्याच वेळी सात वर्षांच्या लोनमध्ये 50 पैकी 38 लाख 75 हजार फेडायचे बाकी असतात. गाडी पार निकामी झाली तर विम्याचा चेक आधी बँकेकडे जातो, आणि वरचे दीड लाखांहून जास्त तुम्ही गाडी नसताना भरता. पाच वर्षांच्या लोनमध्ये त्या वेळी 32 लाख 64 हजार बाकी असतात, म्हणजे हातात काहीतरी येतं.

हे कागदी भय नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा अकोट्याला एका स्नेह्यांच्या तळघरात त्यांची लाल दोन सीटांची गाडी छतापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर आम्ही टॉर्च घेऊन खाली गेलो. सीटांवर चिखलाचा थर, आणि स्पीडोमीटरच्या काचेआड अजून गढूळ पाणी डुचमळत होतं. त्यांनी चावी फिरवली नाही हे नशीब. बुडालेलं इंजिन चालू करायला जाऊन मोडलं, तर इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कव्हर नसताना विमा कंपनी तो खर्च नाकारू शकते. पंचनाम्याची वाट पाहत असतानाच पाच तारखेला हप्ता कापल्याचा मेसेज आला. तो मेसेज वाचतानाचा त्यांचा चेहरा मला आठवतो. लोन असेल तर इंजिन प्रोटेक्टसोबत रिटर्न टू इनव्हॉइस हे कव्हरही घ्याच. ते असलं की गाडी पूर्ण गेल्यावर घटलेल्या किमतीऐवजी बिलाची किंमत मिळते. रोखीवाल्यानेही घ्यावं, पण लोनवाल्याला ते टाळून चालणार नाही.

बाकी गोष्टी लहान, पण पैसे खाणाऱ्या. "फक्त 5 टक्के" असं कोणी म्हटलं तर फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर व्याज) की रिड्यूसिंग (उरलेल्या मुद्दलावरच व्याज) ते विचारा. 50 लाखांवर पाच वर्षं 5 टक्के फ्लॅट म्हणजे साडेबारा लाख व्याज, आपल्या 9 टक्के रिड्यूसिंगपेक्षाही जास्त. फिक्स्ड दराचं लोन मुदतीआधी फेडलं तर दंड लागू शकतो, त्यामुळे करारातलं ते कलम सही करण्याआधी वाचा. हप्ता अगदी कमी दाखवून शेवटी एकच भलीमोठी रक्कम ठेवणाऱ्या योजना असतात. त्यातल्या शेवटच्या रकमेची तजवीज आज नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. आणि लोन फिटलं की बँकेची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि फॉर्म 35 घेऊन दर्जीपुऱ्याच्या आरटीओतून आरसीवरचं एचपी, म्हणजे बँकेच्या बोजाची नोंद, उतरवून घ्या. लोक हे विसरतात आणि गाडी विकताना गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना धावाधाव करतात. रोखीच्या गाडीला ही कटकट नाही, आज वाटलं तर उद्या विकता येते.

रोख दिली की सूट जास्त मिळते, हा समज मात्र सोडून द्या. लोन लावून दिलं की शोरूमला बँकेकडून कमिशन मिळतं, म्हणून कधीकधी लोनवाल्यालाच भाव बरा मिळतो. कोटेशन दोन मागा, एक लोनसह आणि एक लोनशिवाय, दोन्ही लेखी.

एफडी मोडायची नसेल तर आणखी एक वाट आहे: त्याच एफडीवर कर्ज. ते साधारण एफडीच्या दरापेक्षा एखादा टक्का वर मिळतं आणि आरसीवर बोजा चढत नाही.

भाच्यासाठी मी शेवटी मांडलं ते असं: 35 लाख भरायचे, 25 लाख तीन वर्षांसाठी घ्यायचे. हप्ता 79 हजार 500, व्याज 3 लाख 62 हजार, आणि मशीनसाठीचे पैसे जागेवर. त्याने कॅलेंडरचं ते पान फाडून कोटेशनमध्ये घडी करून ठेवलं आणि विचारलं, "मामा, एनओसीचा फॉर्म कितवा म्हणालात?"