मार्सेच्या धक्क्यावर आम्हाला लागलेला चुना

फ्रान्समधल्या मार्सेला जायचं ते बुईयाबेस, म्हणजे तिथला माशाचा रस्सा, खायलाच, हे बायकोनं तिकिटं काढायच्या आधी ठरवलं होतं. ती मालवणची. माशाचा रस्सा हा तिच्यासाठी गंमतीचा विषय नाही.

जुन्या बंदराच्या धक्क्यावर एका हॉटेलाबाहेर पाटी दिसली : बुईयाबेस, २९ युरो. दारातल्या माणसानं चक्क 'नमस्ते' म्हटलं. तिथंच सावध व्हायचं, तर आम्ही खूश!

एकाच खोलगट ताटलीत केशरी रस्सा आणि त्यात पांढरे चौकोनी तुकडे आले. ना साल, ना काटा. बायकोनं एक तुकडा फोडला. आत अजून गारच होता. ''हा मासा आहे की पनीर?'' रस्स्याला वास पाकिटातल्या सुपाचा. तरी भुकेपोटी खाल्लं.

मग बिल. दोघांचे ५८ युरो. ''साधं की सोडा?'' असं विचारून आणलेल्या पाण्याच्या दोन बाटल्यांचे १४. न मागता ठेवलेल्या ऑलिव्हचे ६. मी म्हटलं, मागवले नव्हते. तो म्हणाला, ''पण खाल्लेत ना?'' कार्डाच्या मशीनवर १० टक्के टिप आधीच निवडलेली होती, मी घाईत हिरवं बटण दाबलं. एकूण ८५ युरो ८० सेंट.

आमच्या लॉजवरच्या बाईंनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. फ्रान्समध्ये मेनूवरच्या किमतीत सेवाशुल्क धरलेलंच असतं, टिप ऐच्छिक. जेवणासोबत नळाचं पाणी फुकट मिळतं, फक्त 'युन काराफ दो' असं म्हणून मागावं लागतं. आणि बुईयाबेस? १९८० साली इथल्या काही हॉटेलवाल्यांनी त्याची सनदच केली : यादीतले निदान चार प्रकारचे मासे हवेत, रस्सा वेगळा, मासे वेगळे, आणि ते गिऱ्हाइकासमोर कापायचे. सोबत रूय नावाची लसूण-केशराची चटणी आणि भाजलेला पाव. अशी थाळी माणशी ६० युरोंच्या पुढेच जाते, बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी सांगावी लागते. म्हणजे २९ ची पाटी हीच खरी खूण होती. मूळचं हे न विकलेल्या, खडकांत राहणाऱ्या माशांचं कोळ्यांचं कालवण, तेव्हा ६० युरोही मला जडच वाटले, पण ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बंदरावर मासळीबाजार भरला होता. ट्रेमध्ये लालभडक, काटेरी रास्कास तोंड वासून पडलेले. बायकोनं सवयीनं एकाचा कल्ला उचलून पाहिला, भाव विचारला, घासाघीसही सुरू केली.

लॉजच्या खोलीत चहाची किटली सोडून काही नव्हतं.