नवी कोरी किनार, आत फुगलेला बोर्ड

"टी-मोल्डिंग (फळीच्या कडेला बसवायची प्लास्टिकची पट्टी) नवं घातलंय" या एका वाक्यावर न्यू जर्सीतल्या एका बेसमेंटमधून जुनं आर्केड कॅबिनेट, म्हणजे व्हिडिओ गेमचं उभं कपाट, एका मराठी कुटुंबाला विकलं गेलं. काळी पट्टी चकाचक, फोटोत ओरखडाही नाही. महिनाभरात घरातलं हीटिंग सुरू झालं आणि कंट्रोल पॅनेलखालच्या वळणावर पट्टीनं तोंड उघडलं. ओढली तर फूटभर हातात आली. तिला मागे जीभच नव्हती.

टी-मोल्डिंगची वरची पट्टी तेवढी दिसते. मागची दातेरी जीभ बोर्डाच्या कडेतल्या खाचेत घुसते आणि खरी पकड तिचीच असते, गोंद लागत नाही. इथे विक्रेत्यानं जीभ ब्लेडनं सपाट तासून पट्टी कॉन्टॅक्ट ॲडेसिव्हनं डकवली होती. मऊ पीव्हीसीतला प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) हळूहळू त्या गोंदात उतरतो आणि गोंद च्युइंगमसारखा होतो. वळणावर पट्टीला सरळ व्हायचं असतंच, म्हणून ती आधी तिथे सुटते.

एवढा उपद्व्याप का केला, ते तळाशी कळलं. जाडी मोजायचा कॅलिपर लावला तर बाजूची फळी कमरेजवळ १९ मिमी, जमिनीजवळ २२. पार्टिकल बोर्ड, म्हणजे दाबलेल्या भुशाची फळी, ओल्या फरशीवर उभा राहिला की पाणी पितो, फुगतो, आणि खाच फाकते. १/१६ इंची खाचेसाठी बनवलेली जीभ त्यात डुगडुगते. शिवाय ३/४ इंची, म्हणजे १९ मिमीची पट्टी २२ मिमीच्या कडेला पुरत नाही. विक्रेत्यानं फुगवटा घासला, गाडीला भरतात ती पुट्टी भरली आणि वर काळा रंग मारला. खाच तर पुट्टीनं बुजूनच गेली.

पैसे देण्याआधी मागच्या खालच्या कोपऱ्यात पट्टीचं टोक नखानं इंचभर उचलायला सांगा. अस्सल बसवलेली पट्टी जोर लावल्यावर निघते, दाते दिसतात, आणि मुठीनं ठोकली की परत बसते. "नको, खराब होईल" असं उत्तर आलं तर पाकीट खिशातच राहू द्या. कॅलिपर आणि टॉर्च जवळ ठेवा. पट्टीच्या तोंडावर बारीक खिळ्यांची डोकी असतील, तर तीही खाच मेल्याचीच खूण.

असं कॅबिनेट घरात आलंच असेल तर दुरुस्ती होते, फक्त घाई चालत नाही. पट्टी काढून गोंद हेअर ड्रायरनं मऊ करा आणि खरवडा. थिनर वापरू नका, बाजूचं चित्र उतरेल. पुट्टी उकरून बोर्ड पूर्ण वाळू द्या. भुसा सुटलेल्या भागात पातळ इपॉक्सी जिरवा, दोन्ही बाजूंना मेणकागद लावून सरळ फळ्यांमध्ये क्लॅम्पनं आवळा. कडक झाल्यावर १९ मिमीपर्यंत घासा आणि राउटरला (लाकूड कोरायच्या यंत्राला) १/१६ इंची स्लॉट कटर लावून नवी खाच पाडा. खोली जिभेच्या लांबीपेक्षा दोनेक मिमी जास्त हवी. आधी कडेनं लोहचुंबक फिरवा, आतल्या स्क्रूला कटर लागला तर दात गेलेच. खाच मधोमध आहे का, हे रद्दी तुकड्यावर दोन्ही बाजूंनी कटर फिरवून बघा. दुसऱ्या फेरीत खाच रुंदावली तर कटरची उंची चुकली.

पट्टीसाठी आधी दोरीनं दोन्ही बाजू मोजा आणि त्यावर दोन फूट जास्त मागवा. गुंडाळी उन्हात सैल करा. मागच्या खालच्या टोकापासून सुरुवात करून रबरी हातोड्यानं ठोकत चला. बाहेरच्या वळणावर जीभ आत दाटते, म्हणून तिला व्ही आकाराच्या खाचा द्या. आतल्या वळणावर ती ताणली जाते, तिथे नुसत्या चिरा पुरतात. लांबी कमी पडतेय म्हणून ओढून बसवू नका, ताणलेलं पीव्हीसी मागे सरतं आणि टोकाला उघडी कड उरते.

पुण्या-मुंबईत १८ मिमी प्लायवर अशा कॅबिनेटची नवी प्रतिकृती करणाऱ्यांना "१९ची पट्टी आरामात बसेल" सांगून हीच गुंडाळी विकतात. बसते, पण पट्टी दोन्ही बाजूंनी जवळपास अर्धा मिमी बाहेर राहते आणि हाताला टोचते. बाजूंवर १ मिमी लॅमिनेट लावायचं असेल, तर ते एकाच बाजूला लावा. मग जाडी १९ होते, आणि खाच प्लायच्या नव्हे, एकूण जाडीच्या मध्यावर पाडावी लागते.