बोअर पुनर्भरण आणि झिरपबाग : दोन पावसाळ्यांनंतर

बावधनमधील आमच्या सोसायटीने छतावरचे पाणी जमिनीत मुरवण्याचे काम पुण्यातीलच एका कंत्राटदाराकडून करून घेतले. त्यांचा दर इतर दोघांपेक्षा चढा होता, पण त्यांनी आल्याआल्या ड्रिल लावले नाही, म्हणून काम त्यांना दिले.

पुण्याखालचा बेसॉल्ट सरसकट पाणी पीत नाही. सलग काळ्या पाषाणात खड्डा खणला तर पाणी साचून डास होतात. पाणी उतरते ते मुरमातून, भेगांतून आणि मांजऱ्या खडकातून, म्हणजे बारीक पोकळ्या असलेल्या बेसॉल्टमधून. त्यांच्या भूजल अभ्यासकाने चाचणीचे खड्डे खणून त्यांत बादल्यांनी पाणी ओतले, ते उतरायला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजला आणि पार्किंगजवळची आम्ही सुचवलेली जागा नाकारून उताराखालचा कोपरा निवडला. तेथील पेव्हर ब्लॉक उखडून, खाली दगडगोटे व जाड वाळू भरून, वर वाळा आणि कर्दळ लावलेली खोलगट बाग, म्हणजेच झिरपबाग केली.

आमचे छत सुमारे ६०० चौरस मीटर आहे, म्हणजे ५० मिलिमीटर पाऊस पडला की ३०,००० लिटर पाणी. अलीकडे तेवढा पाऊस तास-दोन तासांत कोसळतो. छतावरचे पाणी गाळणीतून बोअरमध्ये जाते आणि अंगणातले बागेत थांबते. पूर्वी हे सगळे थेट रस्त्यावर आणि तेथून रामनदीत जाई. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर येऊन जे झाले, ते पाहिलेल्यांना या थांबण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

तक्रारही आहे. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह गाळणीच्या आधी हवा. तो नंतर बसवला गेला आणि छतावरची धूळ, कबुतरांची घाण गाळणीत तुंबली. बोअरचे पाणी गढूळ झाले आणि दुरुस्तीला माणूस अकराव्या दिवशी आला. मिळकतकरातील ५ टक्के सवलतीची कागदपत्रे मात्र त्यांनी न मागता तयार करून दिली.

पूर्वी होळीनंतर बोअर हवा ओढू लागे; यंदा तो अक्षय्य तृतीयेपर्यंत चालला. पाऊसही चांगला झाला होता, त्यामुळे सगळे श्रेय मी या कामाला देणार नाही. टँकर मे महिन्यात मागवावाच लागला. गाळणीच्या सफाईचा वार्षिक करार आम्ही केला नाही; ती आता मेअखेरीस आमचा प्लंबर करतो.