एच-४ की एफ-१: २१व्या वाढदिवसाआधीचा निर्णय

अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मराठी घरांत ग्रीन कार्डची रांग लांबते आणि मुलं एकविसाची होतात. त्या दिवशी मुलाचा एच-४ (आई-वडिलांच्या एच-१बीवर अवलंबून असलेला) दर्जा संपतो.

शिक्षणापुरतं पाहिलं तर एच-४ स्वस्त. अनेक राज्यांत या मुलांना रहिवाशांची फी लागते. एफ-१ (विद्यार्थी दर्जा) झाल्यावर ती सवलत बहुधा जाते. मात्र एच-४वरच्या मुलाला नोकरी करता येत नाही. एफ-१वर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम, पदवीनंतर १२ महिने ओपीटी (शिक्षणाशी संबंधित नोकरीची परवानगी), विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना आणखी २४ महिने.

दर्जा बदलायचा तर कॉलेजकडून आय-२० हे प्रवेशाचं प्रमाणपत्र घ्या, सेविसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) फी भरा आणि आय-५३९ हा दर्जा बदलाचा अर्ज एकविसाव्या वाढदिवसाआधी दाखल करा. निकाल लागेपर्यंत मुलाने देश सोडला तर अर्ज सोडून दिला असं धरतात. सुट्टीत पुण्याला जायचं तिकीट इथेच नडतं.

एफ-१ घेतला म्हणून ग्रीन कार्डचा हक्क लगेच जात नाही. सीएसपीए या मुलांचं वय मोजण्याच्या कायद्यानुसार ग्रीन कार्डच्या रांगेत व्हिसा क्रमांक उपलब्ध झाल्या दिवशीच्या वयातून आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) प्रलंबित असलेले दिवस वजा होतात. उत्तर २१च्या आत हवं, मूल अविवाहित हवं आणि क्रमांक उपलब्ध झाल्यापासून वर्षभरात ग्रीन कार्डचा अर्ज करायला हवा. प्रीमियम प्रोसेसिंगने, म्हणजे जादा फी भरून, आय-१४० पटकन मंजूर करून घेतलं तर वजा करायला दिवसच उरत नाहीत, हे बऱ्याच पालकांना उशिरा कळतं. शिवाय १५ ऑगस्ट २०२५पासूनच्या अर्जांना व्हिसा बुलेटिन या मासिक तारखांच्या यादीतला ‘फायनल ॲक्शन’ तक्ताच लागू आहे, म्हणजे हिशेबासाठी वय गोठायला आणखी उशीर.

वाढदिवसाला वर्ष उरलं असेल आणि ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख जवळ नसेल, तर एफ-१च घ्यावा.