पगार की टक्केवारी? क्लिनिकमध्ये दुसरा फिजिओ घेण्याआधी

दुसरा फिजिओ घ्यायचा ठरलं की आपण जागा, टेबलं, मशीन, फी सगळ्याचा हिशेब मांडतो. त्याला पैसे कसे द्यायचे, हे मात्र उभ्याउभ्या ठरतं. माझ्या मते सगळ्यात आधी बसून ठरवायची गोष्ट तीच आहे. पेशंटच्या वाट्याला किती मिनिटं येणार, ते यावरच ठरतं.

आधी आकडे. उदाहरणापुरती सेशनची फी 500 रुपये आणि फिजिओचा वाटा 40 टक्के धरू, म्हणजे सेशनमागे 200. दुसरीकडे महिन्याला 30,000 पगार. महिन्याला 150 सेशन झाली की दोन्हींचा खर्च सारखाच. 25 दिवसांचा महिना धरला तर रोज सहा पेशंट. त्याहून कमी येत असतील तर पगार मालकाला जड जातो, जास्त येत असतील तर टक्केवारी. म्हणून नवीन क्लिनिकवाले टक्केवारीकडे वळतात आणि त्यात त्यांची चूक नाही. पहिल्या वर्षी भाडं आणि मशीनचे हप्तेच पुरे होतात.

पण टक्केवारीत काय घडतं, ते मी माझ्या पहिल्या नोकरीत अनुभवलं आहे. एका पेशंटला आयएफटी, म्हणजे दुखण्यावरचं सौम्य करंटचं मशीन, लावायचं, दुसऱ्याला शेक, आणि तेवढ्यात तिसऱ्याचा खांदा हातात घ्यायचा. हाताने करायचं काम दहा मिनिटांवर येतं आणि व्यायाम 'घरी करा' म्हणून कागदावर जातो. फ्रोझन शोल्डरचा पेशंट महिनाभर येऊनही हात वर जात नसेल, तर त्यात या घाईचाही वाटा असू शकतो. पॅरालिसिसच्या पेशंटचे हाल त्याहून जास्त. त्याला उठवणं, उभं करणं, तोल सांभाळत चालवणं यात पाऊण तास सहज जातो. तेवढ्या वेळात मानदुखीचे दोन पेशंट होतात. कोणी वाईट नसतं, पण तो पेशंट हळूहळू एकमेकांवर ढकलला जातो. शिवाय जुलैत धो धो पाऊस, मग गणपती, दिवाळी. पेशंट येत नाहीत आणि त्या महिन्याचं घरभाडं फिजिओच्या अंगावर पडतं. सेशन 120 वर आली तर हातात 24,000. ताप आला तरी तो कामावर येतो, आणि अंगठा, मनगट, कंबर दुखत असली तरी बोलत नाही. इतरांना पाठ सांभाळायला शिकवणाऱ्या माणसाची पाठ अशीच जाते.

पगाराचंही सगळं गोड नाही. सातचा पेशंट सव्वासातला आला की चेहरे पडतात. जास्त काम करणारा आणि घड्याळ बघणारा यांना सारखंच मिळतं, आणि चांगला फिजिओ दोन वर्षांत स्वतःचं क्लिनिक काढतो. तरीही पगारात एक मोठी गोष्ट साधते: पेशंट क्लिनिकचा राहतो. एकाने सुट्टी घेतली तर दुसरा नोंदी वाचून पुढे चालू करतो, कारण 'माझा पेशंट गेला, माझे पैसे गेले' हा भाव उरत नाही.

बाळंतपणाच्या रजेबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. बीपीटीच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, वर्गात मुलीच जास्त, म्हणजे क्लिनिकमध्येही त्याच. पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा देणारा कायदा दहा किंवा अधिक माणसं कामावर असलेल्या दुकानांना आणि आस्थापनांना लागू होतो. आपली क्लिनिकं तीन-चार जणांची. तिथे टक्केवारीवर असलेल्या मुलीला त्या महिन्यांत एक रुपया मिळत नाही. गरोदरपणात जड पेशंट उचलायला लागू नये, एवढंही कुठे लिहिलेलं नसतं. निदान आपण तरी ते लिहून द्यावं.

मग कोणाला काय? आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी येणाऱ्या, किंवा घरी जाऊन गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे पेशंट बघणाऱ्या फिजिओला टक्केवारी योग्य; तिथे प्रवासाचे पैसे मात्र वेगळे द्या. पूर्णवेळ माणूस असेल आणि पॅरालिसिसचे किंवा लहान मुलांचे पेशंट येत असतील, तर मी पगारच सुचवेन, मग सुरुवातीचे सहा महिने स्वतःच्या खिशाला चाट बसली तरी.

रोजचे सहा पेशंट पक्के नसतील तर मधला मार्ग आहे. 24,000 पक्के आणि 100 सेशननंतर प्रत्येक सेशनला 80 रुपये. 150 सेशनला 28,000 होतात, 200 ला 32,000. यात दोन अटी घालाच. पॅरालिसिसचा पेशंट दोन सेशन म्हणून मोजायचा, आणि दिवसाला आठ सेशनच्या वर जादा पैसे नाहीत, म्हणजे नववा पेशंट कोंबायचा मोह होत नाही. नोंदी लिहायला दिवसाची वीस मिनिटं पगारातच धरा. हे सगळं नेमणुकीच्या पत्रात लिहा आणि सही करण्याआधी समोरच्या मुलीला ते एक दिवस घरी नेऊन वाचू द्या.