पुण्याच्या थंडीत फुलवेल: मँडेविला, मधुमालती की कळलावी?

माझी धाकटी बहीण मगरपट्ट्यात राहते, मी पाषाणला. दिवाळीच्या आधी आम्ही दोघींनी सोलापूर रस्त्यावरच्या एकाच नर्सरीतून मँडेविलाची एकेक कुंडी आणली. दोन्ही गुलाबी, दोन्हींवर सात-आठ कळ्या. जानेवारीत तिच्याकडे अजून दोन-चार फुलं होती. माझ्याकडे पिवळी पानं आणि मातीलगत काळा पडलेला देठ.

शहर एकच, पण थंडी सारखी नाही. मगरपट्टा, वडगाव शेरीकडे थंडी सौम्य असते, तेव्हाच पाषाण, एनडीए, हवेलीकडे पहाटेचा पारा कितीतरी अंशांनी खाली असतो. पारा दहाच्या आत असलेल्या रात्रीही इकडे दरवर्षी येतात. म्हणून वेल घ्यायचा तर आधी आपला भाग बघा, नर्सरीतली फुलं नंतर.

दिवसा मात्र जानेवारीतही पारा 29-30 पर्यंत चढतो. त्यामुळे उष्ण प्रदेशातला वेल इथे सहसा गारठून मरत नाही, नुसता थांबतो. थांबलेल्या वेलाला आपण मायेने रोज पाणी घालतो आणि मुळं कुजवतो. माझ्या मँडेविलाचं हेच झालं; दोष थंडीचा कमी, माझ्या झारीचा जास्त.

मँडेविला मूळ दक्षिण अमेरिकेतला. ब्वेनोस आयर्समधले ब्रिटिश राजदूत हेन्री मँडेविल यांचं नाव त्याला मिळालं. कण्हेर आणि चाफ्याच्याच कुळातला, त्यामुळे फांदी तोडली की पांढरा चीक येतो. हाताला लागला तर धुऊन टाका. पारा 10 च्या खाली गेला की वाढ बंद. तेव्हा खत देऊ नका. मातीत दोन पेरं बोट खुपसून बघा, कोरडं लागलं तरच पाणी. कुंडी दिवसभर ऊन खाल्लेल्या भिंतीलगत सरकवा, रात्री तीच ऊब देते. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून फेब्रुवारीअखेर न घाबरता छाटा. बाल्कनीच्या ग्रिलसाठी तिघांत हाच सोयीचा: सडपातळ, दहा-बारा इंची कुंडीत सुखी. मात्र मे महिन्यात पश्चिमेचं ऊन लागत असेल तर थोडं शेडनेट लावा.

मधुमालतीला पुण्याची थंडी म्हणजे काहीच नाही. थोडी पानं गाळेल, उन्हाळा लागला की पुन्हा झुबके. फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लाल, त्यामुळे एकाच झुबक्यात तिन्ही रंग दिसतात. पांढरं असताना वास सगळ्यात तेज, तो रात्री येणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांसाठी. एवढं सगळं खरं, तरी फ्लॅटच्या बाल्कनीत ही लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन वर्षांत ती वरच्या मजल्यावर पोचते आणि सोसायटीचं पत्र तुमच्या दारात. शिवाय पानं गळली तरी देठाचा बुडखा खोडावर राहतो आणि वाळून काट्यासारखा कडक होतो. त्याच्याच आधाराने ती चढते. छाटताना हातमोजे नसतील तर मनगटं ओरबाडून निघतात. बंगल्याचं फाटक, कंपाउंड किंवा गच्चीवरचा पक्का मांडव असेल तर मात्र दुसरं काही बघूच नका.

आणि कळलावी. ही आपलीच, सह्याद्रीत पावसाळ्यात कुंपणावर, झुडपांत दिसते. कोकणात तिला गौरीचे हात म्हणतात. तमिळनाडूचं हे राज्यफूल. पानाचं टोक लांब होऊन सुतासारखं वळतं आणि शेजारची काडी पकडतं. पाकळ्या मागे वळलेल्या, आधी हिरवट, मग पिवळ्या, मग शेंदरी-लाल, ज्वाळाच. थंडीवरचा तिचा उपाय मला फार आवडतो: ती नसतेच. पाऊस सरला की पिवळी पडते, वाळते आणि जमिनीखाली कंदात जाऊन बसते. मे-जूनपर्यंत तुमच्या पाषाणच्या गारठ्याशी तिला देणंघेणं नाही. तेवढे महिने कुंडी कोरडी ठेवायची, बस.

कंद बोटाएवढा जाड, नांगराच्या फाळासारखा वाकडा, आणि अंकुर फक्त टोकाला. टोक मोडलं की तो तुकडा वाया गेला. म्हणून कंद आडवा, दोन-तीन इंच खोल ठेवा आणि नंतर उकरून बघायचा मोह आवरा. सुरुवातीलाच दोन-तीन काड्या रोवा.

घरात लावली तर कळ लागते, भांडणं होतात, असं आमच्या सासूबाई म्हणतात. भांडणांचं माहीत नाही, विषाचं मात्र खरं आहे. सगळी वनस्पती विषारी आणि कंद सर्वांत जास्त. त्यातलं कोल्चिसिन जीव घेऊ शकतं. रांगतं मूल किंवा मातीत तोंड घालणारा कुत्रा असेल तर हा विषय तिथेच सोडा आणि मँडेविला घ्या. चीक त्यालाही आहे, पण कंदाइतकी धास्ती नाही.

माझ्याकडे आता मँडेविला नाही, कळलावीच्या दोन कुंड्या आहेत. दोन्हींवर मी ऑइल पेंटने ठळक लिहिलंय: ‘रिकामी नाही’. कारण मागच्या डिसेंबरात सासूबाईंनी पडीक कुंडी बघून त्यात धने पेरले आणि रोज सकाळी पाणी घातलं. कंद कुजला. कोथिंबीर झकास आली होती, पण कुणी खाल्ली नाही.