हडकुळ्या मांजरासाठी काय निवडावे: कोरडे खाद्य, ओले खाद्य की घरचे चिकन?

मांजर वाळत चालले असेल, तर खाद्य बदलण्याआधी पशुवैद्याकडून जंत व दातांची, आणि मांजर वयस्कर असल्यास थायरॉइड, मूत्रपिंड व मधुमेहाचीही तपासणी करून घ्यावी. भरपूर खाऊनही वजन घटत असेल, तर दोष बहुधा आहारात नसतो.

कॅलरींच्या हिशेबात कोरडे खाद्य सरस ठरते. 100 ग्रॅम कोरड्या खाद्यात साधारण 350 ते 400 किलोकॅलरी असतात. ओल्या खाद्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच असल्यामुळे तेवढ्याच वजनात सुमारे 80 ते 100 मिळतात. 4 किलोच्या मांजराची गरज दिवसाला 200 ते 250 किलोकॅलरी धरली, तर कोरडे 60 ग्रॅमच्या आसपास पुरते, ओले मात्र पाव किलोच्या घरात लागते आणि ते चार-पाच वेळा थोडे थोडे वाढावे लागते.

पण हा हिशेब मांजर खाईल तेव्हाचा, आणि अशक्त मांजराचे घोडे नेमके तिथेच अडते. मांजराला गोड चव कळत नाही; ते खाद्य पारखते ते मुख्यतः वासावर. ओले खाद्य अंगाच्या उबेइतके कोमट केले की त्याचा वास सुटतो, आणि कोरडे दाणे नुसते हुंगून पाठ फिरवणारे मांजर निदान वरचा रस तरी चाटू लागते. म्हणून भूक मंदावलेल्या किंवा दात दुखणाऱ्या मांजरासाठी मी ओलेच निवडेन, तेही पिल्लांसाठीचे, कारण त्यात प्रथिने आणि स्निग्धांश सहसा अधिक असतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र ते पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नये. भूक चांगली असेल, तर पिल्लांचे कोरडे खाद्य दिवसभर वाटीत ठेवणे सोयीचे.

उकडलेले चिकन मांजरे आवडीने खातात, आणि फसगत होते ती इथेच. नुसत्या मांसात कॅल्शियम नगण्य असते, शिवाय उकळताना टॉरिन, म्हणजे मांजराला अन्नातूनच मिळावे लागणारे एक अमिनो आम्ल, पाण्यात उतरते. त्याची दीर्घकाळ कमतरता राहिली, तर हृदय आणि दृष्टी दोन्ही धोक्यात येतात. तेव्हा चिकन हे मूळ खाद्यावर पेरण्यापुरतेच वापरावे, आणि कांदा-लसूण तर मांजराला विषारीच. दुधाचा मोह टाळावा, हे वेगळे सांगायला नको: बहुतेक प्रौढ मांजरांना ते पचत नाही आणि जुलाबाने आहे तेही वजन जाते.

निवड काहीही असो, नवे खाद्य जुन्यात मिसळत 7 ते 10 दिवसांत बदलावे आणि वजन आठवड्यातून एकदा, शक्यतो तान्ह्या बाळांच्या काट्यावर, करावे. मांजराने दिवसभर अन्नाला तोंडच लावले नाही, तर दुसऱ्या डब्याचा प्रयोग न करता त्याला पशुवैद्याकडे न्यावे, कारण काही दिवसांच्या उपासानेच मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते.